जुनी डिस्क काढली आणि नव्या डिस्कवरचं लिनक्स सुरूच होईना – मदत हवी

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. संगणक अडला आहे आणि काम त्याच्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेस्कटॉप आहे. आधी साटा एसएसडीवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून ५०० जीबीची नवी एनव्हीएमई डिस्क बसवली आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय घेतला होता आणि डिस्क निवडताना नवीच निवडली होती, हे नीट बघून घेतलं होतं. जुनी डिस्क तेव्हा आतच होती. सगळं सुरळीत झालं. सुरू करताना यादी यायची, तिच्यात मिंट आणि विंडोज दोन्ही दिसायचे आणि दोन्ही चालायचे.

आता विंडोज लागत नाही. जुनी डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घालायची आणि बॅकअपला वापरायची असं ठरवलं. ती काढली, संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.

मिंट नव्या डिस्कवर आहे, ती जागची हललेलीही नाही. मग जिच्यावर नुसतं विंडोज होतं ती काढल्यावर मिंट का अडावं? शेवटच्या बॅकअपनंतरची भाषांतराची कामं मिंटच्या होम फोल्डरात आहेत. ती जायला नकोत, एवढंच सगळ्यात महत्त्वाचं.

सुसाट

पेनड्राइव्ह अजून असेल तर परत इन्स्टॉल करून टाका. मिंट बसायला फार वेळ लागत नाही. असल्या भानगडी शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

शून्यएक

पाटीपेन्सिल, कृपया काहीही परत इन्स्टॉल करू नका. 'पूर्ण डिस्क पुसून' हा पर्याय आत्ता घेतलात तर जी कामं वाचवायची आहेत तीच जातील.

आणि दुसरं, त्याहून तातडीचं: काढलेली जुनी डिस्क फॉरमॅट केली आहे का? केली नसेल तर अजिबात करू नका. बाजूला ठेवा.

तुमच्या फायली जवळजवळ नक्की जशाच्या तशा आहेत. संगणक सुरू न होणं आणि माहिती नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक घाबरून पहिलीच्या उपायासाठी दुसरी ओढवून घेतात. हे मी फार वेळा पाहिलंय, म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काम हातोहात पुढे जातं. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे त्यातच भरलेला मूळ कार्यक्रम, जागं होतं. ते बूटलोडरला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाला, शोधतं, तुमच्याकडे तो ग्रब आहे. ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो, कर्नल मूळ विभाग (ज्यात सिस्टीम आहे तो डिस्कचा भाग) जोडून घेतो आणि मग बाकीच्या सेवा सुरू होतात. कुठे थांबलंय हे पडद्यावरचं वाक्यच सांगतं, म्हणून ते शब्दशः लिहिलंत हे फार चांगलं केलंत. 'ग्रब रेस्क्यू' असं आलं असतं तर ग्रब सापडला पण त्याला त्याच्या पुढच्या फायली सापडल्या नाहीत असा अर्थ. 'इनिटरॅमएफएस' असं लिहून कर्सर लुकलुकत बसला असता तर कर्नलपर्यंत पोचलो, मूळ विभाग मिळाला नाही. ग्रबची यादी येऊन पुढे पडदा काळाच राहिला तर बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो. तुमचं वाक्य या सगळ्याच्या आधीचं आहे. फर्मवेअरला चालवण्याजोगं काहीच सापडलेलं नाही. तुमच्या मिंटपर्यंत अजून कोणी गेलेलंच नाही, त्यामुळे मिंट बिघडलंय असं म्हणायला काही आधार नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये नवी डिस्क दिसते का? आणि मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं मिंट) सुरू करून नव्या डिस्कवर कोणकोणते विभाग आहेत? टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा चालवा, नुसतं बघायचं काम आहे, त्याने काही बदलत नाही. पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दोन नावांनी दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय (फर्मवेअरची नवी पद्धत) लिहिलंय तोच घ्या.

पाटीपेन्सिल

जुनी डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आज करणारच होते, थांबवलंत ते बरं झालं.

फर्मवेअरमध्ये नवी डिस्क नावानिशी दिसते. लाइव्ह सुरू केलं. नव्या डिस्कवर दोन विभाग आहेत: पहिला ५१२ एमबीच्या आसपास, फॅट३२, आणि दुसरा उरलेला सगळा, ईएक्सटी४. दुसरा उघडून पाहिला, होम फोल्डर आहे, माझ्या सगळ्या फायली आहेत! जीव भांड्यात पडला. त्या आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेते आहे.

शून्यएक

घ्या काढून, तेच पहिलं काम. मग तो छोटा फॅट३२ विभाग उघडून बघा आणि आत काय आहे ते सांगा.

पाटीपेन्सिल

आत काहीच नाही. पूर्ण रिकामा आहे. असं कसं?

शून्यएक

मग उलगडलं.

जुन्या बायोसच्या, म्हणजे यूईएफआयआधीच्या फर्मवेअरच्या, काळात डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचले जायचे. त्यात ४४६ बाइटांचा छोटा कार्यक्रम, ६४ बाइटांत चार विभागांची नोंद आणि शेवटी दोन बाइटांची खूण, एवढंच मावायचं. यूईएफआयमध्ये तसं नाही. तिथे बूटलोडर ही साधी फाइल असते आणि ती एका फॅट३२ विभागात ठेवलेली असते. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात, थोडक्यात ईएसपी. मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत एक नोंद असते: अमुक विभागातली अमुक फाइल चालव. विभाग तिथे डिस्कच्या क्रमांकाने लिहिलेला नसतो, त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकाने लिहिलेला असतो.

तुम्ही नवी डिस्क निवडलीत, इन्स्टॉलरने तिच्यावर ईएसपी तयारही केली. पण बूटलोडर ठेवायची वेळ आली तेव्हा त्याला जी पहिली ईएसपी दिसली तिच्यात त्याने तो ठेवला, आणि ती होती विंडोजच्या डिस्कवरची. मिंट ज्याच्यावर आधारलंय त्या उबंटूच्या युबिक्विटी या जुन्या इन्स्टॉलरची ही बरीच जुनी, नोंदवलेली खोड आहे, आणि मिंट तोच इन्स्टॉलर वापरत आलंय. तुम्ही निवडलेलं सगळं बरोबरच होतं. दोन्ही डिस्का आत होत्या तोवर हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण सगळं चालत होतं. जुनी डिस्क बाहेर आली तशी मदरबोर्डवरची नोंद जिच्याकडे बोट दाखवत होती ती जागाच गेली. नोंद निरुपयोगी ठरली की फर्मवेअर प्रत्येक डिस्कच्या ईएसपीत ठरलेल्या जागी, म्हणजे ईएफआयच्या आतल्या बूट फोल्डरात, बूटएक्स६४ नावाची फाइल शोधतं. नव्या डिस्कवर तीही नाही. म्हणून तो संदेश.

विंडोजचा इन्स्टॉलरही असंच करतो बरं का. दुसऱ्या डिस्कवर आधीची ईएसपी असेल तर आपल्या बूटच्या फायली तिच्यात नेऊन ठेवतो. त्यामुळे नव्या डिस्कवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना बाकीच्या डिस्कांची केबल काढून ठेवावी.

रातकिडा

शून्यएक यांनी कारण नेमकं सांगितलंय. आता दुरुस्ती. मिंटच्या लाइव्हमध्ये बूट रिपेअर नावाचं साधन आधीच असतं. पण कारण हाती आलंय तर हाताने केलेलं मला जास्त आवडतं, कुठे काय बदललं ते आपल्याला माहीत राहतं.

लाइव्ह यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालंय याची खात्री आधी करा: सिस फोल्डरात फर्मवेअर, आणि त्याच्या आत ईएफआय नावाचा फोल्डर दिसला पाहिजे. नसेल तर पुढचं काही करू नका, परत सुरू करा.

मग मोठा ईएक्सटी४ विभाग एमएनटी या फोल्डरवर माउंट करा, म्हणजे जोडा. त्यानंतर रिकामी ईएसपी एमएनटीच्या आतल्या बूट-ईएफआय या जागी माउंट करा. हा क्रम उलटा चालत नाही. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर एमएनटीच्या आत बाइंड करा (म्हणजे तेच तिथेही दिसतील असे जोडा), आणि सिससाठी साध्या बाइंडऐवजी आर-बाइंड वापरा. याच एका ठिकाणी लोक अडकतात. साध्या बाइंडने सिसच्या आतला ईएफआयव्हार्स (मदरबोर्डवरच्या नोंदींचा फोल्डर) सोबत येत नाही. मग ग्रब फायली नीट ठेवतो, पण मदरबोर्डवर नोंद करू शकत नाही, आणि सगळं करूनही तोच काळा पडदा समोर येतो.

शेवटी सीएचरूट या आज्ञेने डिस्कवरच्या मिंटमध्ये शिरा, ग्रब-इन्स्टॉल चालवा, मग अपडेट-ग्रब. झाल्यावर ईएसपीत ईएफआय फोल्डर आणि त्यात उबंटू नावाचा फोल्डर दिसेल. मिंट असलं तरी तिथे नाव उबंटूच असतं, गोंधळू नका. ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा चालवलीत तर नवी नोंदही दिसेल.

सुसाट

युबिक्विटीचं हे मला माहीत नव्हतं. माझ्या संगणकातही दोन डिस्का आहेत, आता बघतोच कुठली ईएसपी वापरात आहे ती. पाटीपेन्सिल, फायली वाचल्या हे वाचून बरं वाटलं.

पाटीपेन्सिल

रातकिडा, सगळं तुम्ही लिहिलं त्याच क्रमाने केलं. उबंटू फोल्डर दिसला, नोंदही दिसली. रीबूट केलं आणि ग्रबची यादी आली!

पण पुढे वेगळंच झालं. मिंटचं चिन्ह बराच वेळ तसंच राहिलं. एस्केप दाबलं तर खाली एक ओळ होती, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', पुढे यूयूआयडी आणि काहीतरी लांबलचक, आणि शेजारी सेकंद मोजले जात होते. १ मिनिट ३० सेकंद झाले आणि 'यू आर इन इमर्जन्सी मोड' असं आलं. आता काय?

रातकिडा

घाबरू नका, तुम्ही चार पायऱ्या पुढे आला आहात. फर्मवेअरला ग्रब मिळाला, ग्रबला कर्नल मिळाला, कर्नलला मूळ विभाग मिळाला. आता सिस्टीम एका विभागाची वाट बघतेय जो संगणकात नाही. ती दीड मिनिट थांबते आणि मग सोडून देते.

परत लाइव्हमध्ये जा, मोठा विभाग माउंट करा आणि त्यातल्या ईटीसी फोल्डरातली एफस्टॅब फाइल (सुरू होताना कोणते विभाग जोडायचे त्याची यादी) उघडा. बूट-ईएफआयची ओळ शोधा. तिच्यातला यूयूआयडी, म्हणजे विभागाचा ओळखक्रमांक, आखूड असेल, चार अक्षरं, मध्ये आडवी रेघ, पुढे चार अक्षरं. फॅट३२ चा तसाच असतो. मग टर्मिनलमध्ये बीएलकेआयडी चालवून नव्या ईएसपीचा यूयूआयडी बघा. दोन्ही वेगळे निघतील.

पाटीपेन्सिल

निघाले वेगळे. आणि त्या ओळीच्या अगदी वर इन्स्टॉलरनेच एक टीप लिहून ठेवली होती: 'बूट-ईएफआय वॉज ऑन डेव्ह-एसडीए१ ड्युरिंग इन्स्टॉलेशन'. एसडीए म्हणजे माझी जुनी साटा डिस्क. शून्यएक जे म्हणत होते ते तिथे लिहिलेलंच होतं.

जुना यूयूआयडी काढून नवा लिहिला, फाइल सेव्ह केली, रीबूट केलं. सरळ लॉगिन आलं. हे मिंटमधूनच लिहिते आहे. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. परत इन्स्टॉल केलं असतं तर कामं गेलीच असती, शिवाय जुनी डिस्क पुसल्यावर हे सगळं का झालं तेही कळलं नसतं.

आता जुनी डिस्क पुसायला हरकत नाही ना?

शून्यएक

संगणक पूर्ण बंद करून, वीज काढून, परत एकदा सुरू करून बघा. काही फर्मवेअर रीबूटला नीट वागतात आणि पूर्ण बंद केल्यावर नोंद विसरतात. तसंही चाललं तर जुनी डिस्क खुशाल पुसा. तिच्यावरचं विंडोज ठेवायचं असेल तर तिच्या ईएसपीतला फक्त उबंटू फोल्डर काढा, मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डराला हात लावू नका.

कोरीवही

याच धाग्यात विचारतो, विषय जवळचाच आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, शेजारी लिनक्स टाकायचं होतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. एका ठिकाणी वाचलं की फर्मवेअरमध्ये स्टोरेज आरएसटीवरून एएचसीआयवर (या डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती) न्या. तसं केलं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसायला लागली, पण विंडोज निळा पडदा दाखवतं: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. अजून इन्स्टॉल काही केलेलं नाही. विंडोज गेलं का?

रातकिडा

गेलं नाही. फर्मवेअरमध्ये ते सेटिंग पहिल्यासारखं करा, विंडोज सुरू होईल. विंडोज बूट होताना फक्त गरजेचे ड्रायव्हर उचलतं. तुमच्याकडे आजवर आरएसटीचा ड्रायव्हर लागत होता, एएचसीआयचा बंद होता. तुम्ही सेटिंग बदललं आणि त्याच्या हाती डिस्क वाचण्याचं साधनच उरलं नाही.

पण त्याआधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर मिळेपर्यंत काहीच बदलू नका: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का? असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या हाती आहे का? मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते, दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. फर्मवेअरमधले बदल टीपीएम या सुरक्षा-चिपच्या लक्षात येतात आणि मग विंडोज ती की मागतं. की नसेल तर त्या डिस्कवरची माहिती कोणालाच सोडवता येत नाही. या धाग्यातल्या बाकी सगळ्या अडचणींना उपाय आहे, याला नाही.

कोरीवही

की खात्यात मिळाली, लिहून घेतली. सेटिंग पूर्ववत केलं, विंडोज सुरू झालं. की मागितली नाही. आता एएचसीआयवर जायची बरोबर पद्धत कोणती?

शून्यएक

विंडोजमध्ये आधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा. मग एमएसकॉन्फिग हे विंडोजचं साधन उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला खूण करा. रीस्टार्ट करताना थेट फर्मवेअरमध्ये शिरा, एएचसीआय करा आणि विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. सेफ मोडमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर चालू होतो आणि पुढे तसाच राहतो. परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन खूण काढा, रीस्टार्ट करा. खात्याचा पासवर्ड आठवत असायला हवा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करून टाका. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या विभागावर लिहायला गेलं की अडतं.

मधलीसुट्टी

माझं वेगळंच. दोन्ही सिस्टीम नीट चालत होत्या, विंडोजच्या एका अपडेटनंतर लिनक्स उघडताना 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असं येतं आणि संगणक बंद होतो.

शून्यएक

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर हे खूप लोकांना झालं होतं. सिक्युअर बूट म्हणजे फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी सोय; तिच्यात जुन्या, धोकादायक बूटलोडरांना अडवणारी एक यादी असते, ती त्या अपडेटने पुढे नेली आणि बऱ्याच लिनक्सांचा जुना शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) तिच्यात सापडला. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, विंडोजवर बिटलॉकर असेल तर की आधी हाताशी ठेवा. लिनक्स सुरू करा, एमओकेयूटिल या आज्ञेने एसबॅट धोरण (म्हणजे हीच यादी) काढून टाका आणि रीबूट करून एकदा लिनक्समध्ये या. मग शिम आणि ग्रब अपडेट करून सिक्युअर बूट परत चालू करा. ते कायमचं बंद ठेवू नका, त्याचा उपयोग आहे.

कोरीवही

सेफ मोडच्या वाटेने एएचसीआय झालं, विंडोज चालू आहे. लिनक्सही शेजारी बसलं, यादीत दोन्ही दिसतात. बिटलॉकर परत चालू केलं.

पाटीपेन्सिल

वीज काढून, पुन्हा सुरू करून पाहिलं. चाललं. जुनी डिस्क आता केसमध्ये आहे आणि पहिला बॅकअप सुरू केला आहे.